गळक्या जागेचा इतिहास : मोटेपासून चुंबकी पंपापर्यंत



हावड्याकडून नागपूरला येणारी आगगाडी डोंगरगडच्या पुढचा डोंगर बोगद्यातून ओलांडते आणि दरेकशाला महाराष्ट्रात शिरते. पलीकडे छत्तीसगड, अलीकडे गोंदिया जिल्ह्याचा सालेकसा तालुका. जवळच कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला गोंड बांधव दूरदूरच्या मुलखांतून तेथे जमतात. सारा प्रदेश जंगलाचा आणि धानाचा. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग नागपूरपासून थेट बंगालपर्यंत नेला. त्यावर वाफेची इंजिने धावत होती तोवर त्यांना पाणी पाजण्यासाठी वाटेवर उंच टाक्या लागत, आणि टाकी आली की पंप आलाच. आज इंजिने विजेची झाली, पण पंप गेला नाही. तो रेल्वेतून निघून शेतात गेला एवढेच म्हणा.

रोवणीच्या दिवसांत पावसाने ताण दिला की बांध्यांना पाणी देण्यासाठी हा पंप दिवसरात्र चालतो. त्यातला एखादा जुना, कपलिंगवर चालणारा बिडाचा पंप नीट निरखून बघा. मोटारीचा शाफ्ट गरगर फिरत असतो, आणि तो पंपाच्या पोटात जिथे शिरतो तिथून थेंब थेंब पाणी ठिबकत असते. नवखा माणूस म्हणतो, पंप गळतो आहे, आवळा तो ग्लँड. जाणता मिस्त्री म्हणतो, राहू दे, तेवढे ठिबकायलाच हवे. खरे मिस्त्रीचेच आहे. तिथे जी ग्लँडची दोरी भरलेली असते तिला त्या थेंबांनीच गारवा मिळतो. ग्लँड फार आवळला तर दोरी जळते आणि शाफ्टला चर पडतात.

आजच्या भाषणाचा विषय ही थेंबभर जागा आहे. ती बंद करण्यासाठी माणसाने तीनशे वर्षे काय काय केले, आणि अखेर ती बंद झाली तेव्हा तिच्या जागी कोणता नवा प्रश्न उभा राहिला, हे सांगावयाचे आहे.

आपल्या भागातल्या लोकांना हे समजणे अवघड नाही, कारण आपण तलावांच्या मुलखातले आहोत. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव कोहळी मंडळींच्या हातचे म्हणून प्रसिद्ध आहेत. अशा तलावाची पाळ कितीही भक्कम घातली तरी पाणी शेताकडे सोडायला तिच्यात तुडूम ठेवावेच लागते, आणि पाळीवर देखरेख करणाऱ्याचे डोळे आधी तुडुमाकडे जातात. पाणी अडवणाऱ्या भिंतीला भोक पाडले की ते भोक सांभाळणे आले. पंपाचे तसेच आहे. आतला पंखा फिरवायला बाहेरून शाफ्ट घालावा लागतो, शाफ्टसाठी भोक पाडावे लागते, आणि त्या भोकातून आतले बाहेर येऊ पाहते.

मोटेला ही अडचण नव्हती. सोंडेची मोट विहिरीतून वर यायची, सोंदूर सैल पडला की सोंड थारोळ्यात मोकळी व्हायची. चामडे झिजले, शिवण उसवली तर पाणी गळायचे खरे, पण ते परत विहिरीतच पडायचे. बैलांचे श्रम वाया जात, दुसरे काही बिघडत नसे. चामड्याचा हा भरवसा युरोपातही होता. १७१२ साली इंग्लंडात थॉमस न्यूकोमेनने खाणीतले पाणी उपसणारे वाफेचे यंत्र उभे केले, तेव्हा दट्ट्याच्या कडेने हवा शिरू नये म्हणून त्याने चामड्याची चकती लावली आणि वरून पाण्याचा थर ठेवला. पुढे जेम्स वॅटने सिलिंडरचे तोंड झाकणाने बंद केले. आता झाकणातून दट्ट्याचा दांडा आतबाहेर जायला हवा, आणि वाफ तर निसटता कामा नये. त्याने दांड्याभोवती एक पोकळ डबी केली आणि तीत चरबीत भिजवलेला दोरखंडाचा पिंजलेला काथ्या ठासून भरला. आपल्या पंपाच्या ग्लँडची दोरी ही त्याच डबीची पणती.

चाकाने पाणी फेकणारा, म्हणजे आपल्या ओळखीचा सेंट्रिफ्यूगल पंप, १८५१ च्या लंडनमधील मोठ्या प्रदर्शनात लोकांच्या डोळ्यांत भरला. जॉन अ‍ॅपोल्ड याने पंख्याची पाती सरळ न ठेवता वाकवली होती. मोजणीत त्याच्या पंपाचा उपयोग ६८ टक्के भरला, आणि सरळ पात्याचा त्याच्या निम्माही नव्हता. महाराष्ट्रात या पंपाचे नाव किर्लोस्करांशी जोडले गेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन बिघडते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी लोखंडी नांगर विकून दाखवला, आणि १९२६ मध्ये त्यांच्या कारखान्यात सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले. हे पंप बिडाचे, दोरीच्या ग्लँडचे. विहिरीवर त्यांनी उत्तम काम केले. थेंब गळला तर गळला, पाणीच ते.

पण सगळ्याच पंपांतून पाणी जात नाही, आणि येथून गोष्टीला गांभीर्य येते.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, १९६० च्या डिसेंबरात, पनवेलजवळ रसायनी येथे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले. मग अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर, तळोजे, पाताळगंगा, रोहे, महाड, लोटे-परशुराम अशी रसायनांची वसाहतीमागून वसाहत उभी राहिली. आपल्या खेड्यांतली मुले आयटीआय करून अशा ठिकाणी पंप चालवायला जातात. तिथल्या नळांतून गंधकाम्ल, मिठाचे तेजाब, क्लोरीन, बेंझीन असले पदार्थ वाहतात. तिथे ‘तेवढे ठिबकायलाच हवे’ असे कोण म्हणेल?

दोरीच्या जागी मेकॅनिकल सील आले ते यासाठीच. एक कडी शाफ्टबरोबर फिरते, दुसरी पंपाच्या अंगाला बसवलेली. दोघींची तोंडे आरशासारखी घासलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. मधल्या फटीत द्रवाचा इतका पातळ पापुद्रा राहतो की गळती डोळ्यांना दिसत नाही. शेतावरच्या आजच्या पुष्कळ मोनोब्लॉक पंपांतही हे सील असते. चांगली वस्तू आहे. पण ती घासूनच चालते, आणि घासणारी वस्तू एक दिवस झिजतेच. ती कोणत्या दिवशी दगा देईल हे कडी सांगत नाही.

भोपाळचे नाव घेतले की आपल्याला १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधली रात्र आठवते. ती दुर्घटना पंपाच्या सीलमुळे झाली नव्हती. मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरल्याने ती झाली. पण त्याच कारखान्यात जवळजवळ तीन वर्षे आधी, १९८२ च्या जानेवारीत, फॉस्जीन हा विषारी वायू गळला होता आणि वीसहून अधिक कामगारांना इस्पितळात न्यावे लागले होते. त्या वेळी निकामी झाले होते ते एका पंपाचे सील. मोठ्या दुर्घटनेच्या छायेत ही नोंद झाकून गेली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा कायदा आला, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले, आणि ‘गळणारच नाही असा पंप द्या’ ही मागणी आपल्याकडे जोर धरू लागली.

असा पंप तोपर्यंत जगात होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडात जेफ्री हॉवर्ड या यंत्रज्ञाने रसायनांच्या कारखान्यांसाठी तो बनवला. कल्पना लहान मुलालाही कळेल. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात करून पाहावे : पुठ्ठ्यावर एक खिळा ठेवा आणि पुठ्ठ्याखालून लोहचुंबक फिरवा. खिळा फिरतो, पुठ्ठ्याला भोक पडत नाही. बस्स, एवढेच. मोटारीच्या टोकाला चुंबकांचे मोठे कडे, त्याच्या आत चुंबकांचे लहान कडे, आणि लहान कड्याला जोडलेला पंखा. दोन कड्यांच्या मध्ये एक पेला उपडा घालून पंपाच्या अंगाला घट्ट बोल्ट करावयाचा. बाहेरचे कडे फिरले की आतले ओढीने फिरते. शाफ्ट भिंतीतून जातच नाही. तीनशे वर्षांचे भोक बुजले.

त्या पेल्याला आपण कवच म्हणू. बाहेरचे जग आणि आतले विष यांच्यामध्ये एवढी एकच भिंत उरते. पुष्कळदा ती मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीची असते. भोक गेले आणि प्रश्न भिंतीवर आला : ही भिंत कशाची करावयाची?

पहिला विचार पोलादाचा. भिंत मजबूत हवी, कारण आत दाब असतो. थोडे गणित मांडू. दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब, कवचाची त्रिज्या ७ सेंटिमीटर, जाडी १ मिलिमीटर. दाबाला त्रिज्येने गुणून जाडीने भागले की भिंतीच्या धातूवर पडणारा ताण दर चौरस सेंटिमीटरला ७०० किलो येतो. चांगले पोलाद तो सहज सोसते. मग जाडी दुप्पट करून अधिक निर्धास्त का होऊ नये? येथेच खरी मेख आहे.

१८२४ साली पॅरिसमध्ये आरागो या शास्त्रज्ञाने पाहिले की तांब्याची चकती फिरवली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे फिरू लागते. तांबे काही चुंबकाला चिकटत नाही, मग हे कसे? १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेने उत्तर दिले : धातूतून चुंबकाचे बळ बदलत गेले की धातूत विजेचे प्रवाह उठतात. नदीच्या डोहात भोवरे उठतात तसे हे फिरतात म्हणून त्यांना भोवरा-प्रवाह म्हणावे. १८५५ मध्ये फूको याने दाखवले की हे भोवरे धातूला तापवतात. आता आपल्या कवचाकडे वळा. कवच स्थिर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी चुंबक मिनिटाला २९०० फेरे घेत आहेत. पोलादाच्या भिंतीत भोवऱ्यांचा नुसता धुमाकूळ! भिंत जितकी जाड तितके भोवरे अधिक. वेग दुप्पट केला तर उष्णता चौपट. ताणासाठी जाडी हवी आणि उष्णतेसाठी जाडी नको. शिवाय जाड भिंतीने चुंबकांतले अंतर वाढून ओढही कमी होते.

(वर्गात दाखवायचे असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा हातभर जाड नळ घ्या आणि त्यातून एक बळकट चुंबक सोडा. तो दगडासारखा पडत नाही, तरंगल्यासारखा खाली येतो. प्लॅस्टिकच्या नळातून सोडा, क्षणात जमिनीवर. हा फरक मुले विसरत नाहीत.)

म्हणून धातूंतही निवड आली. ज्या धातूतून वीज सहज वाहते तो येथे नालायक, ज्यातून अडखळत वाहते तो बरा. तांबे, अ‍ॅल्युमिनियम आरंभीच बाद. नेहमीच्या ३१६ जातीच्या स्टेनलेस पोलादाचा विजेला होणारा विरोध ७४ धरला तर हॅस्टेलॉय या निकेल, मॉलिब्डेनम आणि क्रोमियमच्या मिश्रधातूच्या एका जातीचा १३० भरतो. म्हणजे जिथे पोलादी कवचात १००० वॅट जळतील तिथे त्याच मापाच्या हॅस्टेलॉयच्या कवचात सुमारे ५७० जळतील. वर हॅस्टेलॉय क्षारांना आणि पुष्कळशा तेजाबांना पोलादापेक्षा कितीतरी चांगले तोंड देते. महाग आहे, तरी धातूच्या कवचात त्याचाच बोलबाला झाला तो या दुहेरी गुणामुळे.

तरीसुद्धा काही उष्णता उरतेच. एक किलोवॅट वाया जाते असे धरा. कारखान्यातला पंप वर्षाचे आठ हजार तास चालला तर आठ हजार युनिटे नुसती भिंत तापवण्यात गेली. बिलाचे जाऊ द्या, त्याहून नाजूक गोष्ट वेगळी आहे. ही उष्णता आतल्या द्रवालाच वाहून न्यावी लागते. त्यासाठी द्रवाचा एक लहानसा ओघ कवचाच्या आतून फिरता ठेवलेला असतो. द्रव थंड आणि स्वस्थ असेल तर ठीक. पण द्रवरूप क्लोरीन किंवा अमोनिया, जे जरा तापले की उकळतात, त्यांची कवचातच वाफ होते. आतली बेअरिंगे त्या द्रवावरच तरंगून चालतात. वाफ झाली की ती कोरडी पडतात आणि मोडतात.

चुंबकांच्या इतिहासानेही या प्रश्नाला धार आणली. १९६० च्या दशकात समेरियम-कोबाल्टचे आणि १९८० च्या दशकात नियोडिमियमचे चुंबक आले. ओढ कितीतरी वाढली, मोठमोठे पंप चुंबकावर चालू लागले, आणि भिंतीत जळणारी उष्णताही त्या मापाने मोठी झाली. त्यातही नियोडिमियमचे साधे चुंबक शंभर अंशांच्या आतच कमजोर होऊ लागतात. तापलेल्या कवचाशेजारी ते कसे टिकावेत? गरम कामाला समेरियम-कोबाल्टच बरा, तो तीनशे अंशांपर्यंत तग धरतो.

मग विजेला वाटच न देणारी भिंत का करू नये? केली. एक मार्ग चिनी मातीच्या कुळातला, झिर्कोनिया नावाच्या पांढऱ्याशुभ्र पदार्थाचा. त्यात भोवरे उठतच नाहीत, म्हणून भिंत जाडही करता येते. तेजाबे तो सोसतो, उष्णताही सोसतो. दुसरा मार्ग प्लॅस्टिकचा. लहान पंपांना साधे तंतू घातलेले प्लॅस्टिक, मोठ्यांना कार्बनच्या तंतूंनी बांधलेले उंची प्लॅस्टिक. मिठाच्या तेजाबासाठी आतून फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचा थर देतात. तेथे पुष्कळ धातू हरतात आणि प्लॅस्टिक हसत उभे राहते.

विक्रेते येथे थांबतात : वीज वाचली, गळती गेली, घ्या. आपण थांबू नये. पितळेची घागर आणि मातीची घागर पाण्याला दोन्ही चालतात. फरक कळतो तो हातातून सुटल्यावर. पितळेला पोचा पडतो, मातीच्या खापऱ्या होतात. बेअरिंग झिजून आतले चुंबक कवचाला घासू लागले तर धातूचे कवच तापते, आवाज करते, चर पडतात, आणि फुटायच्या आधी माणसाला सावध व्हायला थोडा वेळ मिळतो. झिर्कोनियाचे कवच घरच्या मातीपेक्षा फार चिवट असले तरी त्याचा स्वभाव तोच. ते वाकत नाही, जाते तेव्हा एकदम जाते. हायड्रोफ्लोरिक आम्लाशी तर त्याची गाठ घालूच नये. ते आम्ल काचेसारखेच त्यालाही खाते. प्लॅस्टिक फुटत नाही, पण उष्णतेने मऊ पडते, सतत दाबाखाली हळूहळू ताणले जाते, आणि काही वायू त्याच्या अंगातून झिरपतात.

माझे मत विचाराल तर द्रव स्वच्छ असेल, चटकन उकळणारा असेल आणि पंप कोरडा पडताच मोटार बंद करणारी सोय बसवलेली असेल, तर मातीच्या कुळातले कवच उत्तम. जिथे द्रवात बारीक कण आहेत, देखभाल जेमतेम आहे आणि आतला पदार्थ जीवघेणा आहे, तिथे विजेचे चार युनिट जास्त गेले तरी धातूचे कवच घ्यावे. फारच घातक पदार्थाला एकात एक दोन कवचे घालून मधल्या पोकळीतला दाब मोजत राहण्याची सोयही करतात. आतले फुटले की दाब बदलतो आणि बाहेरचे शाबूत असतानाच कळते. वीज वाचवण्याचा हिशेब मांडणारा माणूस कार्यालयात बसलेला असतो आणि पंपाशेजारी उभा असतो तो दुसराच, हे निवड करताना कागदावर दिसत नाही.

आता कोणी शेतकरी विचारील, मग असा पंप माझ्या विहिरीवर का नको? नको, दादा. विहिरीच्या पाण्यात रेती असते, ती आतल्या बेअरिंगांचा भुगा करील. जुन्या नळाचा गंज पाण्यातून येतो, तो चुंबकाला जाऊन चिकटेल आणि कवच आतून घासत राहील. किंमत तर विचारूच नका. तुमच्या पंपाचे पाणी ठिबकून बांधीतच जाते. त्याला दोरी किंवा साधे सील पुष्कळ झाले.

पण तुमचा मुलगा कारखान्यात असा पंप चालवत असेल तर त्याला एक गोष्ट जरूर सांगा. भार फार झाला की बाहेरच्या चुंबकाची आणि आतल्याची ओढ सुटते. बाहेरचे कडे फिरत राहते, आतले थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला मोटार व्यवस्थित चालू दिसते, आवाजही फारसा बदलत नाही. फक्त अँपिअर दाखवणारा काटा खाली येतो. काटा खाली आला म्हणजे भार हलका झाला असे समजून पुष्कळ जण पंप तसाच चालू ठेवतात. आत मात्र द्रवाचा ओघ थांबलेला असतो आणि धातूच्या कवचातले भोवरे चालूच असतात. काही मिनिटांत कवच भाजून निघते आणि चुंबकांचे बळ कायमचे जाते. काटा अचानक खाली आला की आधी मोटार बंद करावयाची, आणि कारण मग शोधावयाचे.